टाचणीची हरकत

माझ्या धाकट्या बहिणीला आमच्याकडे सगळे टाचणी म्हणतात. लहानपणी ती इतकी हडकुळी होती की आमचे वडील म्हणायचे, ही समोरून दिसते, बाजूनं शोधावी लागते. आता चांगली अंगानं भरलीय, केस पिकायला लागलेत, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिच्या धंद्यालाही ते शोभतं म्हणा. ती शिलाई मशीन दुरुस्त करते. दुकान थाटून नाही, लोकांकडे जाऊन. मशीन टाका सोडतंय, दोरा तुटतोय, सुई खालच्या पट्टीवर आपटतेय, की लोक टाचणीला फोन करतात. घरी शिवणाऱ्या बायका, शिंपी, पडदेवाले, शिवणाचे छोटे कारखाने, सगळीकडे तिची ये-जा. कारखान्यातली मशीनं दिवसभर चालू असतात, त्यामुळे ती उघडायला मिळतात संध्याकाळी, कामगार घरी गेल्यावर. म्हणजे बाकीचं जग घरी येतं तेव्हा टाचणी कामावर असते. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

तिच्याकडे एक छोटी मालवाहू गाडी होती. पुढे दोन सीटा आणि मागे पत्र्याची बंद पेटी, खिडकीसुद्धा नाही. आम्ही तिला डबा म्हणायचो. पेटीत टाचणीनं स्वतःच्या हातानं फळ्या ठोकल्या होत्या. मोटारी एका फळीवर, पट्टे खुंटीला, सुयांच्या डब्या खणांत, आणि सगळ्याला मशीनच्या तेलाचा वास. पुढच्या दुसऱ्या सीटवर हत्यारांची लोखंडी पेटी, पट्ट्यानं करकचून बांधलेली. त्या सीटवर कधी कुणी बसलं नाही. मी सख्खी मोठी बहीण, मीसुद्धा नाही. एकदा म्हटलं, अगं, मला चौकापर्यंत सोड, तर म्हणाली, "पेटी कुठे ठेवू?" मी चालत गेले. रागानं गेले, पण चालत गेले.

त्या डब्याचं गुपित मला योगायोगानं कळलं. टाचणी राहते त्या इमारतीच्या अलीकडच्या कोपऱ्यावर एक बंद पडलेली लाँड्री आहे. तिच्या भिंतीच्या आडोशाला एक दिवस डबा उभा दिसला. वाटलं, बंद पडला. जवळ गेले तर टाचणी आत बसलेली. झोपली नव्हती, फोनवर बोलत नव्हती, रडत तर मुळीच नव्हती. स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होती. मी काच ठोकली.

"काय करतेस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही, ताई. जरा बसलेय. मग वर जाते."

रोज बसायची म्हणे. घर पन्नास पावलांवर आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून बसलीय. मला आधी काही कळेना. मग तिच्या घराचा विचार केला, तेव्हा कळायला लागलं.

घर म्हणजे दोन खोल्या, एक बैठक आणि स्वयंपाकघर. त्यात टाचणी, तिचा नवरा, सासू, सासरे. मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा तिची खोली मोकळी झाली होती. टाचणीनं तिथे एक टेबल लावायचं ठरवलं होतं. दिव्याची जागासुद्धा बघून ठेवली होती. आठवडा झाला नाही तोच नणंद आपल्या दोन मुलींना घेऊन थोडे दिवस म्हणून आली. तिच्या संसारात बिनसलं होतं, जाणार कुठे बिचारी. मीही तेच म्हटलं असतं. पण थोड्या दिवसांना पाय फुटले, ते खोलीत नीट पसरून बसले, आणि टेबल अजून माझ्याकडे पडलंय. त्यावर मी कपडे वाळत घालते.

मी टाचणीला म्हटलं, "मी एकटी राहते, रिकामं घर आहे. गाडीत कसली बसतेस, माझ्याकडे येऊन बस."

ती म्हणाली, "ताई, तू बोलतेस."

मी पुढे कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाही. नंतर कळलं, तिला ते बरं वाटलं होतं.

आता त्या घराची रीत सांगते, कारण ती दुसऱ्या कुठल्या घरात असेल असं मला वाटत नाही. टाचणीचे सासरे हयातभर कामगार संघटनेच्या सभा चालवत आले. नोकरी संपली, सभा संपली नाही. घरातली प्रत्येक गोष्ट रात्रीच्या जेवणाला मांडायची. बैठकीला रंग कुठला, सुट्टीत कुठे जायचं, फ्रीज दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, सगळं. सगळ्यांचं बोलून झालं की ते विचारतात, "कुणाची हरकत?" एकेकाच्या तोंडाकडे बघतात. कुणी बोललं नाही तर चमचा पेल्यावर वाजवतात. टण् झालं की ठराव मंजूर. हरकत घ्यायला पूर्ण मुभा, पण कारण द्यावं लागतं. नुसतं नको म्हणणं हे पोरकटपणाचं, असं त्यांचं म्हणणं. आणि जो हजर नाही, त्याची संमती धरायची.

माणूस वाईट नाही हो. स्वतःच्या बायकोची मागणीसुद्धा त्यांनी हरकतीवरून फेटाळलीय आणि स्वतःचीही. हुकूमशाही असती तर भांडता तरी आलं असतं. इथे सगळं रीतसर. फक्त टाचणी त्या वेळी कुठल्यातरी कारखान्यात मशीनच्या पोटात हात घालून बसलेली असायची. नणंदेचा ठरावही असाच मंजूर झाला होता. टाचणी घरी आली तर तिच्या टेबलाच्या जागी दोन छोट्या गाद्या अंथरलेल्या.

तर एक दिवस डब्याचा गिअरबॉक्स गेला. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, पार्ट बाहेरून मागवावा लागेल, वेळ लागेल, तोवर तुम्ही आमची बदली गाडी वापरा. म्हणजे ज्यांच्या गाड्या दुरुस्तीला आल्यात त्यांना तात्पुरती वापरायला देतात ती शोरूमची स्वतःची गाडी. चार दारं, पाच माणसं ऐसपैस, थंड हवा, मागे कॅमेरा. दारावर शोरूमच्या सेवेची जाहिरात. टाचणी ती घेऊन घरी आली ती काळजीतच. हत्यारांची पेटी पुढच्या सीटवर ठेवायला गेली तर काउंटरवाल्यानं हात जोडले होते, सीट फाटेल म्हणून. पेटी गेली मागे डिकीत.

आणि पुढची सीट मोकळी राहिली. एवढंच झालं.

सासूबाई खाली उतरल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर पाहुणी आली आपल्याकडे." तेव्हापासून गाडीचं नाव पाहुणी. पाहुणीचं कौतुक कुठल्या घरात होत नाही? सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात जावं लागायचं, त्या बिचाऱ्या रिकामी टॅक्सी मिळेपर्यंत उभ्या राहून थकायच्या. टाचणी म्हणाली, सोडते. सासऱ्यांच्या जुन्या सोबत्यांची आठवड्याची बैठक, सोडते. नणंदेच्या मुलींचा पोहण्याचा क्लास, नणंदेचं ऑफिस. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "तुझ्या वाटेवरच आहे." टाचणीची वाट अख्ख्या गावाला वळसा घालून जायला लागली. हळूहळू पुढच्या सीटवर सासूबाईंची उशी आली. मागच्या काचांवर मुलींनी बदकांची चित्रं चिकटवली. नणंदेची छत्री, सासऱ्यांचा चष्म्याचा डबा. आणि लाँड्रीच्या भिंतीशी गाडी उभी राहायची बंद झाली, कारण गाडीत कायम कुणीतरी असायचं.

"पार्ट कधी येतोय?" मी विचारायची.

"येईल."

"फोन कर की."

"रोज करते, ताई."

पार्ट आला नाही. फोन आला, तो शोरूमच्या विक्रीवाल्याचा. गोड बोलणारा, टाय लावणारा माणूस. म्हणाला, मॅडम, बदली गाड्या आम्ही ठराविक मुदतीनंतर विकतो. तुमच्याकडे आहे ती आता निघतेय. तुम्ही चालवलीय, तुम्हाला माहीत आहे, तुम्हाला पहिला मान. तुमची जुनी आम्ही घेतो, दुरुस्तीची कटकटच मिटली. किंमतही अशी सांगितली की नाही म्हणायला तोंड उरू नये. आणि हा शहाणा फोन करताना टाचणीच्या मोबाइलवर लागला नाही म्हणून घरच्या फोनवर बोलला. सासूबाईंनी उचलला. म्हणजे विषय मांडला गेलाच म्हणून समजा.

मी टाचणीला पहिल्यांदा ऐकवलं ते असं की, "ही गाडी म्हणजे लॉजमधली उशी आहे. शंभर जणांनी डोकं टेकलंय तिच्यावर. कुणी कशी चालवली असेल देव जाणे. परक्याची म्हणून खड्ड्यात घातली असेल. घेऊ नकोस."

टाचणीचे डोळे चमकले. "खरंच गं," ती म्हणाली. "इतक्या लोकांनी चालवलेली. काहीतरी असणारच."

आणि तिथेच तिनं चूक केली. त्या दिवशी काम लवकर संपवून ती मुद्दाम जेवणाला हजर राहिली आणि भर पंगतीत म्हणाली, "आधी आपले गॅरेजवाले काका बघू देत. ते म्हणतील ते अखेरचं." गॅरेजवाले काका म्हणजे डब्याचा जुना डॉक्टर, टाचणीच्या भरवशाचा माणूस. सासऱ्यांना हे फारच आवडलं. म्हणाले, तज्ज्ञाचं मत, उत्तम, हा मुद्दा पद्धतशीर आहे. कुणाची हरकत? टण्. स्वतःच्या हातानं तिनं दार लावून घेतलं आणि मला फोन करून म्हणाली, "ताई, सुटले बघ."

काकांकडे मी बरोबर गेले. गाडी वर चढवली. काका खालून बघतायत, टाचणी त्यांच्या मागे मागे. चाकं हलवून पाहिली, तेल बोटावर घेऊन पाहिलं, दारांच्या कडांवरून हात फिरवला, इंजिन सुरू करून कान लावला. मग रस्त्यावर एक फेरी. टाचणीनंही कान लावला होता. मशीनचा आवाज ऐकताना ती जशी मान तिरकी करते तशी.

"गिअर टाकताना खरखर येते ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"थंडीत सुरू व्हायला वेळ लागेल."

"का लागेल?"

"ब्रेक?"

"नवे आहेत."

"काका, अहो, इतक्या लोकांनी चालवलीय."

काका हात पुसत म्हणाले, "म्हणूनच तर. दुसऱ्याची गाडी, परत द्यायची, ओरखडा गेला तर भरपाई मागतील, म्हणून माणूस जपून चालवतो. स्वतःची असती तर आपटली असती. शिवाय शोरूमच्या दारातच राहिली, वेळच्या वेळी सगळं झालेलं. मागच्या दाराला एक ओरखडा आहे, बाकी काही नाही. डोळे मिटून घे."

टाचणीचा चेहरा असा उतरला की काका घाबरले. "अगं, चांगली बातमी सांगितली मी," ते म्हणाले. ती गाडीखाली गेली. स्वतः, टॉर्च घेऊन, पाठीवर झोपून. बराच वेळ तिचे नुसते पाय दिसत होते. मी काकांना बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, "काका, एक काहीतरी खोट सांगा. छोटी चालेल. इंजिनात काहीतरी."

"आणि उद्या दुसऱ्यानं बघून नाही म्हटलं, तर माझ्या गॅरेजला कोण विचारेल?" काका म्हणाले. "आणि ताई, चांगल्या गाडीला नाव कशाला ठेवायचं?"

मला त्या माणसाचा राग आला. प्रामाणिक माणसांचा येतो तसा, काही करता येत नाही असा. टाचणी बाहेर आली. केसांत धूळ, हात काळे. म्हणाली, "काही नाही गं. कुठेच काही नाही."

त्या रात्रीच्या जेवणाला मलाही बोलावलं होतं. पाहुण्यांना त्या सभेत बोलायचा हक्क नाही. ते मला सासऱ्यांनी बसतानाच हसत हसत सांगितलं, कारण माझं तोंड त्यांना माहीत आहे. टाचणी नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या मध्ये बसली होती. पोरींनी गाडीचं चित्र काढून पेल्याला टेकवून ठेवलेलं. सासऱ्यांनी काकांचा अभिप्राय वाचल्यासारखा सांगितला आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

"माझी आहे," टाचणी म्हणाली.

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला, अगदी आदरानं. "बोल."

"माझ्या सामानाला जागा पुरणार नाही."

तिचा नवरा उठला आणि आतून पुठ्ठा घेऊन आला. पठ्ठ्यानं डिकीची मापं घेतली होती. सरकत्या फळ्यांचा नकाशा काढला होता, मोटारी कुठे, पट्टे कुठे, सुया कुठे. सुट्टीच्या दिवसात बसून केलं होतं. लाजत म्हणाला, "तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता." नकाशा चांगला होता, हे मला कबूल करावं लागतं. डब्यातल्यापेक्षा नीट होता.

"तेलाचा वास लागेल सीटांना," टाचणी म्हणाली.

"लागू दे," नणंद म्हणाली. "वहिनी, आम्हाला त्या वासाची सवय आहे. मी जाड चादर शिवते मागच्या सीटला. म्हणजे तू मशीन नीट करून दे, मी शिवते." पोरी हसल्या.

"गल्लीबोळांत मोठी गाडी वळत नाही."

"मागे कॅमेरा आहे की," नवरा म्हणाला.

"मला..." टाचणी थांबली. "मला दमायला होतं. सगळ्यांना सोडून मग कामाला जायचं म्हणजे."

आता मला वाटलं, आलं, आता बाहेर येतंय. पण सासरे लगेच म्हणाले, "हा मुद्दा अगदी बरोबर आहे. तिच्यावर ओझं पडतंय, हे आपल्या कुणाच्या लक्षात आलं नाही." त्यांनी तिथल्या तिथे वार लावून दिले. अमुक वारी आई, तमुक वारी पोरी, एक दिवस पूर्ण मोकळा. तिचा नवरा म्हणाला, सुट्टीच्या दिवशी मी चालवेन. नणंद म्हणाली, मी बसनं जाईन, मला काही नाही. तिचा आवाज खरंच तसा होता, टोमण्याचा नव्हता.

"अजून काही?" सासऱ्यांनी विचारलं.

सासूबाईंनी टाचणीच्या पाठीवर हात ठेवला. "बोल गं. मनात काही ठेवू नकोस. आपल्या घरात कुणी मनात ठेवत नाही."

सगळे तिच्याकडे बघत होते, पोरींसकट. आणि प्रेमानं बघत होते, तीच तर पंचाईत. एकाचा चेहरा जरी वाकडा असता तरी ती बोलली असती. आता काय सांगणार? पाठीवर सासूचा हात असताना सासूला सांगायचं, मला अशी गाडी हवी जिच्यात तुम्हाला बसता येणार नाही? मी तोंड उघडलं. गेला तो नियम खड्ड्यात, असं म्हणून उघडलंच होतं. टेबलाखाली टाचणीनं माझा पाय इतक्या जोरात दाबला की डोळ्यांत पाणी आलं.

"नाही," ती म्हणाली. "हरकत नाही."

टण्.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या गुडघ्यांचे पांग फिटले, म्हणाल्या. मग सगळ्यांनी मिळून माझ्या पानात वाढलं.

जिन्यात मी टाचणीला गाठलं आणि जे सुटले ते सुटलेच. भित्री म्हटलं, मुखदुर्बळ म्हटलं, आणखीही काही म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काय सांगायला हवं होतं, ताई? तू सांग वाक्य."

"सांगायचं, मला जरा एकटीला बसायला जागा हवी."

"त्यांनी दिली असती," टाचणी म्हणाली. "बाबांनी तेही मांडलं असतं. एकीला रोज अर्धा तास बसायला खोली, वेळ अमुक ते तमुक. कुणाची हरकत? कुणाचीच नसती. आणि मी आत बसले असते आणि बाहेर सहाही जण हळू आवाजात बोलत बसले असते, मला त्रास होऊ नये म्हणून."

मी उरलेल्या पायऱ्या उतरून घरी आले.

गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलो तेव्हा डबा मागच्या अंगणात उभा होता, चाकांत हवा कमी झालेली. टाचणीनं फळ्या रिकाम्या केल्या. नवरा सामान पाहुणीत नीट लावत होता, त्याच्या नकाशाप्रमाणे. शेवटी पुढच्या सीटवर पेटीला बांधायचा तो पट्टा उरला. तो ती सीटपासून सोडायला लागली तर सुटेना, सीटखालची इतक्या वर्षांची गाठ. मी कात्री देऊ केली. नको म्हणाली. तो तसाच ठेवून तिनं दार लावलं.

टायवाल्यानं पाहुणीच्या पडद्यावर बोट फिरवून दाखवलं. "हे बघा, इथे घर असं बटण आहे. आधीच्या कुणीतरी आपलं घर टाकून ठेवलंय. ते पुसून तुमचं टाकतो." नवऱ्यानं पत्ता सांगितला. मग टायवाल्यानं दोन किल्ल्या दिल्या. एक टाचणीला आणि एक नवऱ्याला. ती दुसरी आता त्यांच्या दाराशी खुंटीला असते, सगळ्यांची म्हणून. डब्याला एकच किल्ली होती.

यानंतर ठरल्याप्रमाणे सगळं चाललं. वार पाळले गेले, नवरा सुट्टीला गाडी चालवायला लागला. मोकळ्या दिवशीसुद्धा टाचणी खाली येऊन गाडीत बसली की वरून खिडकी उघडायची आणि सासूबाई हात हलवायच्या. कधी हातात पिशवी घेऊन खालीच यायच्या. "बसलीच आहेस तर जरा कोपऱ्यापर्यंत सोड." लाँड्रीच्या भिंतीशी तिनं एकदा गाडी लावून बघितली. पोरींनी लांबूनच ओळखली, बदकांमुळे, आणि धावत आल्या.

मग टाचणीला कामावरून यायला उशीर व्हायला लागला. आधी थोडा, मग रोजच. सासूबाई काळजी करायच्या, कामं वाढलीत म्हणायच्या, तब्येत सांभाळ म्हणायच्या. एके संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. "तिचा फोन लागत नाही गं. जेवायला बसायचंय, आणि पोरींना क्लासहून आणायचंय. आज कुठे असते ती, तुला ठाऊक आहे?" मला ठाऊक होतं. पडदे शिवणारीचा कारखाना, माझ्या घराच्या मागच्या रस्त्यावर. मी पायांत चपला सरकवल्या आणि निघाले.

पाहुणी खाली उभी होती, पुढच्या सीटवर उशी. पडदेवाली जिन्याच्या तोंडाशी कुलूप हातात घेऊन फोनवर बोलत होती. मला बघून म्हणाली, "तुमची बहीण ना? वर आहे. हात फार चांगला आहे तिचा. पण काम तर केव्हाच झालंय. हल्ली म्हणते, थोडं चालवून बघते, तुम्ही जा, मी कुलूप लावून किल्ली समोरच्या दुकानात देते. माझी काही हरकत नाही हो. पण इतकं काय बघते?"

मी वर गेले. काचेचं दार होतं. आत मशीनांच्या रांगा, सगळ्यांवर कापडाची झाकणं. एकाच मशीनचा दिवा चालू होता आणि टाचणी त्याच्यासमोर बसली होती. मशीनमध्ये दोरा नव्हता. कापड नव्हतं. ती पायाखालचं पॅडल दाबायची, मशीन चालायचं, सोडायची, थांबायचं. हात मांडीवर. चेहरा तसाच होता, जसा त्या दिवशी लाँड्रीच्या भिंतीसमोर होता.

माझा हात दाराच्या मुठीवर गेला होता आणि तोंडात पाच वाक्यं तयार होती. चांगली वाक्यं होती. ही काय दशा करून घेतलीस इथपासून सुरू होणारी. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी चार पायऱ्या खाली उतरून घेतला.

"सापडली का?" सासूबाई विचारत होत्या.

"सापडली."

"बरी आहे ना? काय करतेय?"

"मशीन उघडून बसलीय," मी म्हटलं. "मोठं काम निघालंय. पार आतपर्यंत."

"अगंबाई. किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही. आजच नाही, आणखी बरेच दिवस. रोजच उशीर होईल तिला आता. तुम्ही तिची वाट बघू नका. आणि पोरींना आज दुसऱ्या कुणीतरी आणा."

फोन हातात धरूनच त्यांनी पंगतीला सांगितलं. मोठं काम आहे, उशीर होणार, रोज होणार. नवरा काहीतरी म्हणाला, नणंद म्हणाली, मी जाते पोरींना घ्यायला. भांड्यांचा आवाज आला. मग सासऱ्यांचा आवाज, नेहमीचा, सगळ्यांच्या तोंडाकडे बघून विचारतात तसा. "कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. टाचणी हजर नव्हती, तेव्हा तिची संमती धरली असणार. पेल्यावर चमचा वाजलेला मला जिन्यात स्पष्ट ऐकू आला.

फोन ठेवून मी पायरीवर बसले. वर मशीन चाललं, थांबलं, परत चाललं. दार उघडून आत जावं असं फार वाटत होतं. पण मी बोलले असते, म्हणून तिथेच बसून राहिले.